खंदकावरची सायकल

बदलीच्या गावाशी ओळख करून घेण्याची प्रत्येकाची एक रीत असते. कोणी तेथल्या देवळापासून आरंभ करतो, कोणी मासळीबाजारापासून. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ तर नव्या ठिकाणी रुजू झाले की पहिल्या रविवारी न्हाव्याकडे जाऊन बसतात आणि तासाभरात गावची सारी भानगड जाणून घेऊन परततात. आम्हांला यांपैकी काहीच साधले नाही. आम्ही जेथे गेलो तेथे सायकल नेली, एवढेच. बदलीच्या सामानाच्या यादीत पलंग, कपाटे आणि भांड्यांची खोकी यांच्याखाली ‘जुनी सायकल, नग १’ ही ओळ आम्ही आजवर चार वेळा लिहिली आहे. आणि प्रत्येक वेळी कुटुंबाने ती ओळ वाचून सुस्कारा टाकला आहे.

ही खोड पुण्याची. आमच्या विद्यार्थिदशेत त्या गावात प्राध्यापक आणि कारकून, डॉक्टर आणि कंपाउंडर, सारे एकाच वाहनावर बसून एकाच चढावर धापा टाकीत असत. नगरपालिकेच्या कराचा बिल्ला सगळ्यांच्याच सायकलींना लागे. रात्री दिवा नसला किंवा कोणाला डबलसीट घेतले, तर पोलीस सगळ्यांनाच सारखे अडवीत. सायकलीवरून माणसाची पायरी ओळखता येते, हे आम्हांला त्या गावी कोणी शिकवले नाही. ते आम्ही कलकत्त्यास येऊन शिकलो.

येथे रुजू झाल्यावर आठवड्याभरातच कचेरीतल्या एका वडीलधाऱ्या बंगाली सहकाऱ्यांनी आम्हांस बाजूला घेऊन अत्यंत मायेने विचारले, “दादा, आपण सायकलीवरून आलात असे ऐकतो. गाडी मिळण्यास काही अडचण आहे काय?” त्यांच्या स्वरात उपहास नव्हता, काळजी होती. या शहरात सायकल दूधवाल्याची, वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोराची, मासे विकणाऱ्याची. भद्र लोकांनी ट्राम, बस, मेट्रो किंवा मोटार यांतून जावे आणि सायकल मुलाच्या हट्टाखातर बेंटिंक स्ट्रीटवरून एकदा विकत आणून मग जिन्याखाली ठेवावी, अशी एकंदर रीत.

तरी समानधर्मी भेटतातच. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणेशोत्सवाच्या मांडवात बोलता बोलता असे सहा जण निघाले. एक लेखापरीक्षण खात्यातले, आम्ही त्यांना काका म्हणतो, एक बँकेतले, एक नागपूरकर, रेल्वेतले, बाकीचे आमच्यासारखे किरकोळ. दर रविवारी पहाटे पाचाला निघावे, मैदानाला वळसा घालून व्हिक्टोरिया मेमोरियलवरून प्रिन्सेप घाटावर जावे, विद्यासागर सेतूच्या तारांमागून उजाडताना पाहावे आणि मग चहाच्या टपरीशी सायकली टेकवून मातीच्या भाँडातून चहा पीत तासभर अड्डा जमवावा, असा क्रम ठरला. सायकल चालवणे पाऊण तासाचे आणि त्याविषयी बोलणे सव्वा तासाचे, हे प्रमाण आम्ही अखेरपर्यंत निष्ठेने पाळले.

या गप्पांत विषय काय असत, असे कोणी विचारील. विषय नेहमीचेच. कोणाची चेन उतरते, कोणाचा ब्रेक किंचाळतो, मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा मान कोणाला कसा मिळाला, आणि काकांचे गुडघे. नागपूरकरांची थट्टा हा तर आमचा कायमचा नैवेद्य. कारण बंगालवर चालून आलेले बर्गी हे नागपूरकर भोसल्यांचे. १७४२ साली भास्करपंत कोल्हटकरांच्या स्वाऱ्यांनी बंगाल हादरला, तेव्हा कलकत्तेकरांनी आपल्या गावाभोवती एक खंदक खणावयास घेतला; तोच ‘मराठा खंदक’. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल झाला. मराठे गावावर आलेच नाहीत आणि काम तसेच राहिले. पुढे तो बुजवून त्याच्या कडेने सर्क्युलर रोड झाला. “तुमच्या पूर्वजांनी घोड्यावरून जे केले नाही ते तुम्ही गिअरच्या सायकलीवरून करीत आहात,” असे काका नागपूरकरांना दर रविवारी ऐकवीत, आणि नागपूरकरही दर रविवारी नव्याने हसत.

परंतु या खंदकाची आणखी एक गंमत आहे, आणि ती आम्हांला फार प्रिय आहे. त्या सर्क्युलर रोडच्या एका भागास आज आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे, दुसऱ्यास आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे. कुंतलीन तेल आणि देलखोश अत्तर काढणारे हेमेंद्रमोहन बोस हे कलकत्त्यातल्या पहिल्या सायकल-व्यापाऱ्यांपैकी एक. आणि त्यांनी ज्यांना सायकल चालवावयास शिकवले त्यांत हे दोन्ही आचार्य होते. रसायनशास्त्राचे ते कृश प्राध्यापक हँडल घट्ट धरून झोकांड्या देत चालले आहेत आणि मागून अत्तरवाले सीट धरून धावत आहेत, हे चित्र आम्ही त्या रस्त्याच्या पाटीखाली कितीदा तरी मनाशी रंगवले आहे.

शिवाय या शहराने सायकलीवर जग पाहिले आहे. मुंबईहून हकीम, बापासोला आणि भूमगरा हे पारशी तरुण १९२३ साली निघाले आणि १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, हे आपल्याकडे थोडेफार ठाऊक असते. कलकत्त्याच्या टाउन हॉलपासून बिमल मुखर्जी आणि त्यांचे तीन सोबती १९२६ च्या डिसेंबरात निघाले. मुखर्जी परतले ते १९३७ साली! आणि रामनाथ बिश्वास १९३१ मध्ये सिंगापूरहून निघाले, ते पुढे आफ्रिकाही सायकलीवरून तुडवून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोहोचले. तेथला वर्णभेद त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि बंगालीत लिहिला.

दक्षिण आफ्रिकेचे नाव निघाले की बँकवाल्यांना त्यांचा केप टाउनला स्थायिक झालेला भाचा आठवे. त्याची पत्रे म्हणजे सायकलींचा पंचनामा. १९७७ साली त्या शहरात शेकडो सायकलस्वार आपल्यासाठी वेगळे मार्ग असावेत अशी मागणी करीत रस्त्यावर आले. दुसऱ्या वर्षी त्यातूनच एक शर्यत निघाली, आणि आता समुद्राकाठच्या डोंगरांतून शंभर किलोमीटरांहून अधिक धावणाऱ्या त्या शर्यतीत हजारो लोक भाग घेतात. काकांनी हे ऐकून भाँड खाली ठेवले आणि लेखापरीक्षकाच्या कोरडेपणाने शेरा मारला, “मागायला गेले रस्ता, आणि मिळाली शर्यत.”

त्या वाक्याला एकच माणूस हसला नाही, आणि त्याला ते कळलेही नव्हते, कारण आमचे मराठी चालले होते. तो एक सुतार. सोनारपूरकडून रोज पहाटे सायकल मारीत शहरात येई आणि कामावर जाण्यापूर्वी त्याच टपरीवर चहा घेई. आम्ही त्याला मिस्त्री म्हणत असू, तो आम्हांला दादा म्हणे. काळी, जड, उंच दांडीची त्याची गाडी; मागच्या कॅरिअरवर हत्यारांची पेटी जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेली, हँडलला डबा. आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्याची गाडी म्हणून ती त्याच्या बापाने घेतली होती. तो कारखाना बंद पडून वर्षे झाली, गाडी मात्र चालत होती. एका रविवारी आमची चेन तुटली तेव्हा त्याने पेटीतून एक खिळा काढला, दगडावर ठेवून दोन ठोके मारले आणि कडी जोडून दिली. सहा सुशिक्षितांनी तोवर त्या चेनीवर तीन मते दिली होती. तेव्हापासून तो आमच्या अड्ड्याचा सातवा. त्याची मुलगी नववीत गेली तेव्हा तिला ‘सबुज साथी’ योजनेतली सायकल मिळाली, ती बातमी त्याने आम्हांला मिठाईसह दिली.

आता मूळ गोष्ट. सायकलीमुळे रहदारी मंदावते, या कारणाने कलकत्त्यात काही रस्त्यांवर सायकलीस २००८ पासून मज्जाव होऊ लागला. २०१३ साली १७४ रस्ते या यादीत आले. पुढे ओरड झाल्यावर ती संख्या कमी झाली, पण मोठे रस्ते राहिले. आम्हांला त्याची झळ नव्हती. रविवारी पहाटे रस्ता रिकामा. आणि इतर दिवशी आम्ही मेट्रोने जात असू.

२०१७ च्या पौषातली सकाळ. धुके इतके की अड्डा लांबला आणि आठ वाजून गेले. मिस्त्रीला आमच्याच बाजूस काम होते, म्हणून दोघे बरोबर निघालो. एका मोठ्या चौकात शिट्टी वाजली. गणवेशातल्या माणसाने दोघांनाही थांबवले. त्याने आमच्या डोक्यावरच्या टोपाकडे, हातमोज्यांकडे, गिअरच्या गाडीकडे पाहिले आणि नम्रपणे म्हणाला, “सर, व्यायाम झाला ना? आता गल्लीतून जा.” मग मिस्त्रीकडे वळून पावतीपुस्तक काढले. शंभर रुपये. पावती रीतसर होती, आकडा बरोबर होता, नियमही खराच होता. फक्त तो दोघांनीही सारखाच मोडला होता.

आम्ही तेथे उभे होतो. ‘माझीही पावती फाडा’ हे तीन शब्द. ते तोंडात तयार होते. कोणत्या भाषेत म्हणावेत एवढाच प्रश्न होता, असे आम्ही पुढे स्वतःस सांगितले. प्रत्यक्षात आम्ही टोपाचा पट्टा नीट केला. गल्लीत शिरल्यावर शंभराची नोट काढून मिस्त्रीपुढे धरली. तो म्हणाला, “राहू द्या दादा. मागच्या आठवड्यातही दिले होते.” आणि पायडल मारून पुढे गेला. त्याच्या आवाजात राग असता तर आम्हांस बरे वाटले असते.

पुढच्या रविवारी आम्ही हे मंडळींस सांगितले; आपण काय बोललो नाही तेही सांगितले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग नागपूरकर म्हणाले, “अर्ज करू या.” वाचक सरकारी नोकर असल्यास पुढचे सांगावयास नकोच. अर्जाचा मसुदा आम्ही केला. ‘विनंती’ म्हणावे की ‘सूचना’, यावर एक रविवार गेला. एक सरकार शाळेतल्या मुलांस सायकली वाटते आणि मोठी झाल्यावर ती चालवू देत नाही, हे वाक्य फार चांगले होते. काकांनी तेच कापले. शेवटी सही कोणाची, येथे गाडे अडले. नोकरीचे नियम सर्वांस पाठ होते. बँकवाले म्हणाले, मिस्त्रीची सही घेऊ. आणि म्हणताक्षणीच त्यांचा चेहरा उतरला. तो मसुदा तीन पानी, सुवाच्य, आजही आमच्या खणात आहे.

मिस्त्री त्यानंतरही येत असे. चहा पिई, चेनीला तेल घाली. निघताना मात्र “तुम्ही व्हा पुढे” म्हणून तो मागे राही, आणि आम्हीही पुढे होत असू.

दोन वर्षांनी आमची बदली झाली. या वेळी यादीतली ती ओळ गाळावी आणि गाडी मिस्त्रीस द्यावी, असे आम्ही ठरवले. कुटुंबाने प्रथमच सुस्कारा टाकला नाही. शेवटच्या रविवारी आम्ही गाडी त्याच्यापुढे उभी केली. त्याने ती कारागिराच्या नजरेने पाहिली. गिअर फिरवून पाहिले, आऱ्यांवरून बोट फिरवले, एका हाताने उचलून वजन पाहिले आणि मनापासून हसला.

“गाडी सुंदर आहे, दादा. पण हिला कॅरिअर नाही. पेटी कुठे बांधू?”

बेंटिंक स्ट्रीटवर बसवून घेऊ, असे आम्ही म्हणालो. त्याने मान हलवली. ही दांडी ते वजन पेलणार नाही, चार दिवसांत वाकेल. ते खरेच होते. मग त्याची नजर आमच्या पंपावर गेली. त्याचा पंप वारा सोडत होता. त्याने आमचा घेतला, मागच्या चाकाला लावून वीसेक दाब दिले, टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि पंप दांडीला बांधून टाकला. आम्ही घरी येऊन यादी पुन्हा लिहिली: जुनी सायकल, नग १, पंपाविना.