बियांना लागणारा हिवाळा

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना लागणाऱ्या इच्छापोरला माझी रोपवाटिका आहे. इथे हौशी माणसं हमखास विचारतात, "ताई, सफरचंदाच्या बिया पेरल्या, पण एकही उगवली नाही. असं का?"

बी बहुतेक वेळा चांगलंच असतं. त्याला हिवाळा मिळालेला नसतो. सफरचंदाचं मूळ घर मध्य आशियातला थिएन शान डोंगर. तिथे शरदात पडलेलं बी लगेच उगवलं, तर कोवळं रोप बर्फात मरेल. म्हणून बियांमध्येच उगवण रोखण्याची सोय असते आणि कित्येक आठवड्यांच्या ओलसर थंडीनंतर ती सैल होते. सुरतेत अशी थंडी पडत नाही. ती फ्रिजमध्ये द्यावी लागते. बिया धुवाव्यात, ओलसर कोकोपीटमध्ये मिसळून पिशवीत भराव्यात आणि ४ ते ५ अंशांवर दोन-तीन महिने ठेवाव्यात. बर्फाचा कप्पा मात्र टाळावा. दिवाळीत ठेवलेल्या बियांना जानेवारीच्या सुमारास मोड येऊ लागतात आणि उन्हाळ्यापूर्वी रोपाला मुळं धरायला अवधी मिळतो.

फणस, रामबुतान, मँगोस्टीन यांचं नेमकं उलट. पावसाळी अरण्यातल्या या बियांना थांबणं माहीतच नाही. त्या वाळल्या की मेल्या आणि फ्रिजची थंडीही त्यांना बाधते. फळ खाल्लं की गर धुऊन त्याच दिवशी पेरावं. बी पेरण्याआधी त्याच्या मायदेशाचा ऋतू विचारावा, हा माझ्या कामातला पहिला नियम.

दुसरी गोष्ट फळाची. सफरचंदाला सहसा दुसऱ्या जातीचे पराग लागतात, त्यामुळे प्रत्येक बी नवा संकर असतो. आईसारखं फळ मिळेल याची खात्री नाही. फळ धरायलाही बरीच वर्षं जातात, आणि डोंगरी जातींना फुलण्यासाठी ७ अंशांखालचे हजारेक तास थंडी हवी असते. म्हणूनच खात्रीच्या फळासाठी कलम. गणदेवी-नवसारीपासून घोलवडपर्यंतच्या चिकूच्या वाड्या पाहा. मूळचा मध्य अमेरिकेचा चिकू इथे खिरणीच्या, म्हणजे इकडच्या रायणच्या, बियांपासून वाढवलेल्या खुंटावर बांधतात. खिरणी सावकाश वाढते, पण कोरड आणि खारटपणा सोसते. खाडीकाठच्या आमच्या जमिनीला असंच मूळ हवं.

मग सफरचंदाचं बी पेरायचंच कशाला? हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावी हरिमन शर्मा यांच्या परसात टाकलेल्या बियांतून १९९९ मध्ये एक सफरचंदाचं रोप आलं. सफरचंदाच्या पट्ट्याच्या खालच्या उष्ण भागात ते टिकलं, फळलं. त्यांनी त्याची कलमं केली. तीच एचआरएमएन-९९ ही जात आज महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या रानातही लागली आहे. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

कलम ओळखीचं फळ पुन्हा देतं. नवं झाड मात्र बीच देतं. म्हणून वाडीत कलमं जरूर लावा, पण एक कोपरा बियांच्या रोपांसाठी राखा आणि त्यांतलं एखादं आपल्या उन्हात तगलं, तर त्याला फळेपर्यंत जागा द्या.