रडू नेमके कोठे येते?

दुःखाची गोष्ट जाणत्या माणसाने सांगितली की आपण मान हलवतो, चुकचुकतो. तीच गोष्ट एखाद्या लेकराने, त्यातले दुःख त्याला पुरते उमगले नसताना, आपल्याच नादात सांगितली की घशात आवंढा येतो. हे असे का होते, याचा विचार आम्ही ताडीवाला रोडच्या वस्तीतील काही जण बरेच दिवस करीत आहोत.

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, हे वाचकांना ठाऊक आहेच. आमच्याकडे रविवारी ते आटोपले की अर्धा तास लेकरांसाठी ठेवतो. त्यात एकदा बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधील पहिली आठवण घेतली. बाबासाहेबांच्या हस्तलिखितातील ही छोटी पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केली. मूळ लेखन इंग्रजीत असल्याने आम्ही ते मराठीत सांगत गेलो.

प्रसंग १९०१ सालचा. भीमराव नऊ वर्षांचे. आई वारलेली. वडील गोरेगावला तलावाच्या कामावर खजिनदार. सुटीत या, असे वडिलांचे पत्र साताऱ्याला आले आणि घरात आनंदीआनंद झाला. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे! आगगाडीत बसायचे म्हणजे केवढे अप्रूप. टांगा निघाला तेव्हा आत्या धाय मोकलून रडत होती आणि पोरे मात्र खुशीत होती. स्टेशनवर थोरल्या भावाने खाऊला दोन-दोन आणे दिले. पोरांनी काय केले? लगेच लेमनेडची बाटली फोडली.

इथे आमची लेकरे खदखदून हसली. आणि इथेच, मागे भिंतीला टेकून बसलेल्या आयाबायांनी डोळ्यांना पदर लावला.

आम्हांला मोठे नवल वाटले. अजून तर काही घडलेलेच नव्हते! मसूर स्टेशनवर न्यायला कोणी आले नाही, हे पुढे. पोरांचे कपडे पाहून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला आणि जात कळताच त्याचा चेहरा पालटला, हे पुढे. दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान शेजारी बसेना. गाडी पोरांनी हाकायची आणि तो पायी चालणार, असे ठरले. रात्री डबा उघडला, पण प्यायला पाणी मिळेना. टोलनाक्यावर मुसलमान आहोत असे सांगूनही घोट मिळाला नाही. हे सगळे पुढे आहे. पण बायांना ते माहीत होते. दुपारी लेमनेड पिणाऱ्या पोराला ठाऊक नाही की रात्री साधे पाणीही मिळणार नाही. ऐकणारीला ठाऊक आहे. त्याला सावध करावे म्हटले तर हाक तिथवर पोचत नाही. रडू येते ते या जागी. अपमानाच्या जागी आपल्या माणसाला राग येतो, ती गोष्ट वेगळी.

आणखी एक. बाबासाहेब लिहितात की शाळेत वेगळे गोणपाट होते, शिपाई नसेल तर पाणी नव्हते, न्हावी केसांना हात लावीत नसे, ते बहीण कापून देई. हे सारे लहानपणी त्यांनी जगरहाटी म्हणूनच धरले होते. मसूरच्या रात्रीने त्या पोराला विचार करायला लावला. म्हणजे ही नुसती प्रवासाची हकीकत नव्हे, एका लेकराचे भाबडेपण संपल्याची ती नोंद आहे.

त्याच रविवारी एका सात वर्षांच्या मुलीने विचारले, "मास्तरकडे पाणी का नाही मागितलं?" तिची आई आमच्याकडे बघू लागली. नजरेतच विनवणी होती की आज नका सांगू. आम्ही सांगितले नाही. काहींच्या मते सांगायला हवे होते. पण विचारणारे लेकरू उत्तर पेलण्याइतके मोठे झाले की तेच पुन्हा विचारते, असा आमचा अनुभव आहे. तोवर तिने लेमनेडला हसावे. तो तिचा हक्क आहे.

पुढच्या रविवारी मोठ्या मुलांना या प्रवासावर मनाने काही लिहून आणायला सांगितले. एका मुलाने मसूरला पाण्याचा टँकरच पाठवला! सहावीतल्या एका मुलीने मात्र आत्याच्या तोंडून लिहिले. पायाने अधू आत्या रात्री साताऱ्याच्या घरात एकटीच बोलते आहे: आता पोचली असतील. बापाने पाय धुवायला गरम पाणी दिले असेल. जेवून झोपलीही असतील. भिवा झोपेत लाथा मारतो, कोणी सांगितले असेल का त्याला कडेला झोपवायला?

एवढेच, एक पान. वाचणारीचा आवाज साफ होता, कारण तिला ते नुसते गमतीचे वाटत होते. विहारात मात्र कोणाला वर बघवेना.

चळवळीत आयुष्य गेलेले एक काका रागावले. बाबासाहेबांच्या चरित्रात मनाचे घालायचे नाही, आणि पोरांना रडायला शिकवू नका, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी मुक्ता साळवेचे नाव काढले. आपल्याच पुण्यात, फुल्यांच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली चौदा वर्षांची पोर. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध 'ज्ञानोदया'ने १८५५ साली छापला. ती कुठे रडली, असे काकांनी विचारले.

काकांचे खरे आहे. मुक्ता भाबडी नव्हती. तिचे वाचताना डोळे भरत नाहीत, पाठ ताठ होते. ती सगळे ओळखून सवाल करते, वाचणाऱ्याला शोधायला काही ठेवत नाही. पण आत्याच्या पानावर काहीच म्हटलेले नाही; तिथे पाणी, टोलनाका, गाडीवान हे सगळे ऐकणाऱ्याने आपल्या मनातून आणले. म्हणजे त्या दिवशी रडलेल्या प्रत्येकीला ती रात्र पाठ होती. याला कमकुवतपणा म्हणायला आम्ही तयार नाही. मात्र चरित्राबद्दलचे काकांचे म्हणणे मान्य केले. पानावर मोठ्या अक्षरांत 'काल्पनिक' असे लिहिले.

जाताना एका आजीने त्या मुलीला जवळ घेऊन विचारले, "आत्याला खरं कळलं का गं मागून?"

"ते मी नाही लिहिलं, आजी."

"नको लिहूस," आजी म्हणाल्या.

ते पान विहाराच्या कपाटात ठेवले आहे. टँकरचेही ठेवले आहे.