सल्ल्याची फी आणि समतेचा शब्द

समता आणि समावेशन यांविषयी आस्थापनांना सल्ला देणे हा आता एक व्यवसाय झाला असून, सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींभोवती वाढलेल्या नाशिकमध्ये त्याला पुष्कळसे काम कायद्यानेच मिळवून दिले आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अंतर्गत समिती नेमायला लावतो. ही समिती म्हणजे तक्रारीची चौकशी करणारे आस्थापनेतलेच मंडळ. पण तिच्यात या विषयाची जाण असलेली एक बाहेरची व्यक्ती असावीच लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समान संधी धोरण जाहीर करण्याची जबाबदारी आस्थापनांवर टाकली. ही धोरणे लिहून देणे, प्रशिक्षणे घेणे, समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून बसणे, अशी कामे पतिपत्नी मिळून करू लागतात, तेव्हा त्यांच्या मूल्यांची खरी कसोटी व्याख्यानात लागत नाही. ती लागते फीच्या प्रश्नावर, कारण बाहेरच्या सदस्याचे मानधन मालकानेच द्यायचे असते आणि ज्याच्या कारभाराची तपासणी करायची, त्याच्याच पैशावर तपासणाऱ्याचे घर चालते. दोघांचीही मिळकत त्या एकाच झऱ्यातून येत असेल, तर अप्रिय अहवालावर सही करताना संपूर्ण संसारच पणाला लागतो.

हा पेच नवा नाही. त्याचा विचार करण्यासाठी पुण्यातल्या जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्याकडे वळणे केवळ आदरापोटी नव्हे, तर व्यावहारिकदृष्ट्याही उपयोगाचे आहे. १८४८ साली सुरू झालेल्या त्यांच्या शाळेची आठवण सर्वत्र निघते. मात्र जोतीराव सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत, व्यापार आणि शेती करीत, याकडे कमी लक्ष जाते. १८८२ साली शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर करताना त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली. शाळांसाठी देणग्या आणि अनुदान त्यांनी घेतले. तरी शिक्षण खात्याच्या धोरणावर बोट ठेवताना आपली भाकरी त्या खात्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, असे भय त्यांना बाळगावे लागले नाही.

याहून महत्त्वाचे आहे ते दोघांचे परस्परांतील स्वातंत्र्य. १८६८ मध्ये नायगावहून लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाई एका ब्राह्मण तरुणाला आणि त्याच्यापासून गरोदर राहिलेल्या अस्पृश्य मुलीला जमावाच्या तावडीतून कसे सोडवले, ते कळवतात. इंग्रजी कायद्याचा धाक दाखवून त्यांनी तिथल्या तिथे निर्णय घेतला होता आणि जोतीरावांना तो नंतर कळवला. जोतीराव १८९० मध्ये निवर्तले. १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या, त्यांनीच स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेचे अध्यक्षपद सावित्रीबाईंनी भूषवले. संस्थेतील पत्नीचे स्थान पतीच्या नावाची सावली नव्हते, म्हणूनच हे घडू शकले. आजच्या सल्लागार दांपत्यात व्यासपीठ एकाकडे आणि हिशेब, पत्रव्यवहार, चहापाणी दुसरीकडे अशी वाटणी सहज होऊन बसते. अशा घरातून निघालेला समतेचा सल्ला कितीही अभ्यासपूर्ण असला, तरी त्याच्या मुळाशीच विषमता असते.

समता आणि समावेशन यांतला भेद नाशिकने तर फार जवळून पाहिला आहे. समावेशन म्हणजे बाहेर ठेवलेल्यांना आत घेणे, आणि समता म्हणजे आत-बाहेर ठरवण्याचा अधिकारच सर्वांमध्ये वाटला जाणे. अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून इथल्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांनी हा लढा पुढे अनेक वर्षे संघटित ठेवला. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्यांनाच लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले की मूर्तिपूजक होण्यासाठी किंवा प्रवेशाने समता मिळेल या समजुतीने ही चळवळ आरंभलेली नव्हती. दलितांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात चैतन्य यावे, हा तिचा हेतू होता. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. आत घेण्याची विनवणी करीत राहण्यापेक्षा त्या दाराचे महत्त्वच नाकारता येते, हे त्या घोषणेने दाखवून दिले. समावेशनाचा सल्ला बहुधा दाराच्या मालकाला दिला जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे या इतिहासाची धार अधिक जाणवते.

ती धार आजच्या कामालाही लागू पडते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांमध्ये विरळणी आणि काढणीच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी स्त्रिया मुकादमामार्फत येतात. तिथे मनुष्यबळ विभाग नाही, धोरणाची फाईल नाही आणि प्रशिक्षणाची फी देणाराही कोणी नाही. मात्र दहाहून कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणांसाठी, तसेच मालकाविरुद्धच असलेल्या तक्रारींसाठी, प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असावी अशी तरतूद त्याच २०१३ च्या कायद्यात आहे, आणि घरकामगार स्त्रियांनाही तिच्याकडे दाद मागता येते. कारखान्यांकडून मिळालेल्या फीतून घर चालवणाऱ्या दांपत्याने वर्षातला काही काळ आधीच बाजूला काढून द्राक्षबागांतल्या या बायांच्या मुक्कामावर जावे, त्यांच्या भाषेत तक्रारीची वाट समजावून सांगावी आणि तक्रार लिहून घ्यायला सोबत बसावे. फीच्या कामातून उरलेला वेळ या कामाला देतो म्हटले, तर तो कधीच उरत नाही. म्हणून कारखान्यांशी करार करण्यापूर्वीच हे दिवस दोघांनी मिळून ठरवावे लागतात.