ईदचा गोडवा आणि आमची चांदरात

चांद दिसल्याची बातमी आली की गल्लीत पोरांचा गलका सुरू व्हायचा आणि आम्ही पदर खोचून स्वयंपाकघरात शिरायचो. सावनेरच्या या घरात आम्ही तिघी जावा सुना म्हणून आलो. तिघींचीही सासरची पहिली ईद गॅससमोर उभ्या उभ्याच उजाडली. सासूबाईंना आम्ही अम्मीच म्हणतो. अम्मींच्या दस्तरखानावर ईदला सात गोड पदार्थ असायचे: शीर खुर्मा, किमामी शेवया, फिरनी, शाही तुकडे, जर्दा, गाजराचा हलवा आणि चण्याच्या डाळीचा हलवा. सात म्हणजे सातच. सहा झाले तर अम्मींना चैन पडत नसे.

त्या चवीबद्दल आमची तक्रार कधीच नव्हती. पण महिनाभराचे रोजे, त्यात सहरी-इफ्तारची धावपळ, आणि शेवटची रात्र पुन्हा जागून काढायची. घरचे पुरुष आणि मुले नवे कपडे, अत्तर लावून ईदगाहहून परतत, तेव्हा आमच्या अंगावर रात्रीचेच कपडे असत. पाहुण्यांच्या वाट्या भरता भरता दुपार व्हायची. आपल्या वाटीतला शीर खुर्मा तोवर थिजून घट्ट झालेला असायचा.

2024 साली ईद 11 एप्रिलला होती. आपल्या विदर्भातला एप्रिल कसा असतो ते सांगायला नको. आमच्यातल्या धाकटीचे बाळ तेव्हा सहा महिन्यांचे होते. पहाटे दुधाचा गंज उतरवताना तिला भोवळ आली आणि उकळते दूध मनगटापासून कोपरापर्यंत सांडले. ती ईद आमची दवाखान्यात गेली. अल्लाहची कृपा म्हणून बाळ तेव्हा कडेवर नव्हते. अम्मी दिवसभर तिच्या उशाशी बसून होत्या. काही बोलल्या नाहीत.

पुढच्या रमजानमध्ये आम्ही तिघींनी धीर करून विषय काढला. "अम्मी, यंदा तीनच गोड करू. सोपे करू." अम्मींचा चेहरा उतरला. "लोक म्हणतील, सुना आल्या आणि दस्तरखान आटला," एवढेच त्या म्हणाल्या. ते शब्द आम्हाला लागले. पण आता मागे कळतं, त्यांनाही लागलं होतं. चाळीस वर्षं ज्या हातांची वाहवा झाली, त्या हातांची आता गरज नाही, असं आम्ही म्हणतोय असं त्यांना वाटलं.

तरी आम्ही तीनच ठरवले. पहिला अर्थातच शीर खुर्मा. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. नावातच सगळा पदार्थ आला, बाकी मेवा आपापल्या ऐपतीप्रमाणे. वेळ जातो तो दुधाला नाही, तयारीला. म्हणून सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या रोज्यालाच आम्ही काजू, बदाम, पिस्ते कापून, चारोळी निवडून, सगळे तुपात परतून डब्यात भरले. बारीक शेवयाही तुपावर गुलाबी भाजून ठेवल्या. चांदरातीला फक्त खारका भिजत घालायच्या. सकाळी 1 लिटर सायीचे दूध उकळून 10 मिनिटे आटवायचे, 100 ग्रॅम साखर, मेवा आणि वेलची घालायची. मग आच मंद करून चिरलेल्या 10-12 खारका आणि सगळ्यात शेवटी 50 ग्रॅम शेवया. शेवया दूध पीत राहतात, म्हणून पातळसर असतानाच गॅस बंद करावा. अर्ध्या तासात काम होते.

दुसरी फिरनी. ती रात्रीच करून ठेवायची असते, हाच तिचा मोठा गुण. 50 ग्रॅम तांदूळ अर्धा तास भिजवून रव्यासारखे भरड वाटावेत. 1 लिटर उकळत्या दुधात ते हळूहळू सोडून 15-20 मिनिटे ढवळत राहावे, गुठळी होऊ देऊ नये. तांदूळ शिजल्यावरच 100 ग्रॅम साखर घालावी. मातीच्या वाट्या भिजवून घेऊन त्यांत ओतावी. माती जास्तीचे पाणी शोषते आणि सकाळी फिरनी छान बसलेली मिळते.

तिसरी आमच्या मातीतली, संत्र्याची खीर. आपला सगळा भाग संत्र्यांचा. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. चांद्र वर्षामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. 2025 ला ती 31 मार्चला आली आणि बाजारात मृग बहाराची संत्री होती. दारात पिकणारे फळ आणि दस्तरखानावर मात्र बाहेरचा मेवा, हे आम्हाला खटकत होते.

पण इथेच आमची फजिती झाली. रात्रीचे 11 वाजलेले, दोन लिटर दूध निम्मे आटलेले. घाईघाईत आम्ही गरम दुधातच संत्र्याच्या फोडी टाकल्या. बघता बघता दूध फाटले. तिघी एकमेकींकडे पाहत राहिलो. दारात अम्मी उभ्या होत्या. आता "सांगितलं होतं ना" ऐकावे लागणार, अशी तयारी ठेवली.

अम्मी आत आल्या, फोडी झाऱ्याने वेचून काढल्या, साखर घातली आणि गंज पुन्हा गॅसवर चढवला. पंधरा-वीस मिनिटे परतून गोळा घट्ट झाल्यावर तूप लावलेल्या ताटात थापला, वरून वेलची-पिस्ते भुरभुरले. सकाळी त्याचा दाणेदार कलाकंद झाला होता. "नासलं नाही, फक्त नाव बदललं त्याचं," त्या म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी आमच्याशी मोकळ्या हसल्या.

त्या रात्री 12 वाजता स्वयंपाकघर आवरले. असे या घरात पहिल्यांदाच घडले. सकाळी आम्ही चौघींनी आंघोळी करून नवे कपडे घातले. बाहीची बटणे लावताना अम्मी म्हणाल्या, "ईदच्या सकाळी नवा जोडा शेवटचा कधी घातला, मला आठवतच नाही गं." आम्हाला काय बोलावे सुचेना.

हजरत अनस (रजि.) यांच्या एका हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) ईद-उल-फित्रच्या नमाजला निघण्यापूर्वी विषम संख्येत खजूर खात असत. ईदचा पहिला गोड घास एवढा साधा! अम्मी दरवर्षी ईदगाहला निघणाऱ्या मुलांच्या हातावर तीन-तीन खजूर ठेवायच्या. त्या दिवशी त्यांनी आमच्याही हातावर ठेवले.

वेळ उरला म्हणून शेजारच्या काकूंकडे आम्ही स्वतः फिरनी घेऊन गेलो. एरवी पोरांच्या हाती धाडत होतो. दिवाळीत त्यांचा फराळ आमच्याकडे येतो, पण बसून बोलणे राहूनच जायचे. गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडेही गेलो. फित्रा आधीच पोचला होता, पण तिच्यासोबत बसून वाटीभर शीर खुर्मा कोणी खाल्ला नव्हता. आणि लोक काय म्हणाले? सात नाहीत हे कोणाच्या लक्षातही आले नाही. कलाकंद मात्र सगळ्यांनी मागून घेतला.

संत्र्याची खीर आता आम्हाला जमते. 1 लिटर दूध निम्मे आटवावे, 4 मोठे चमचे साखर घालावी आणि फ्रिजमध्ये रात्रभर अगदी गार होऊ द्यावे. 3-4 गोड संत्र्यांच्या फोडी साल-बिया काढून वेगळ्या गार कराव्यात आणि वाढतानाच मिसळाव्यात. दूध गरम असेल तर संत्र्याच्या आंबटपणाने ते हमखास फाटते.

आणि समजा, फाटलेच, तर घाबरू नका. घरातल्या अम्मींना हाक मारा.