सुरुंगांच्या वाळूवरचे पेंग्विन

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे ४८० किलोमीटर पूर्वेला, अटलांटिक महासागरात, फॉकलंड बेटे आहेत. दोन मोठी, आणि सातशेंवर लहानसहान. तेथे मूळचे असे एकही झाड नाही. वारा मात्र अष्टौप्रहर. मराठी शिकवणारा मास्तर तेथे कशाला जाईल? पण टेलिव्हिजनच्या कृपेने, खुर्चीत बसून शेंगदाणे खात, मी तेथे दोनदा जाऊन आलो. आणि गंमत अशी की, दोन्ही वेळा निरनिराळी बेटे पाहिल्यासारखे वाटले!

पहिला अनुबोधपट प्राणिजीवनाचा. काळ्या भुवयांच्या अल्बाट्रॉस पक्ष्यांची तेथे केवढी वस्ती! जगातल्या दोन तृतीयांशांहून अधिक जोड्या याच बेटांवर घरटी करतात. मॅगेलॅनिक पेंग्विन जमिनीत बिळे करतात आणि ओरडतात ते थेट गाढवासारखे. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, आवाज कमी करा, शेजारी काय म्हणतील!" दुसरी जात जेंटू पेंग्विनांची. जुने इंग्रज हिंदूंनाही 'जेंटू'च म्हणत. एवढ्या दूर कोणी नावबंधू भेटावा, हे मला फार आवडले.

दुसरा अनुबोधपट लढाईचा. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाचे सैन्य बेटांवर उतरले आणि १४ जूनला ब्रिटिशांना शरण गेले. तेवढ्या दिवसांत अर्जेंटिनाची ६४९ माणसे गेली, ब्रिटिशांची २५५. शिवाय बेटावरच्या तीन स्त्रिया, त्याही ब्रिटिशांच्याच तोफगोळ्याने.

पहिल्या चित्रात काटेरी तार नव्हती, दुसऱ्यात पक्षी नव्हता. वास्तविक राजधानी स्टॅनलीजवळच्या यॉर्क बे या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर दोन्ही एकत्रच होती. अर्जेंटिनाचे सैनिक स्वतः येथूनच आले होते. शत्रूही येथूनच येईल या धास्तीने त्यांनी वाळूत सुरुंग पेरले. ब्रिटिश मात्र २१ मे रोजी बेटाच्या दुसऱ्या अंगाला, सॅन कार्लोसला उतरले. लढाई संपली, सुरुंग राहिले. भोवती कुंपण घातले गेले, त्यावर कवटीच्या पाट्या लागल्या. माणसाच्या पावलाने उडणारा सुरुंग चार-पाच किलोच्या पेंग्विनाला दाद देत नाही. माणूस नाही, मेंढरू नाही. पेंग्विन खुशाल फिरत राहिले.

यावरून युद्धाने पक्ष्यांचे भले केले असे कोणी म्हणू लागले की माझे डोके फिरते. भले केले ते कुंपणाने. मेंढरांना अडवायला सुरुंग कशाला लागतात? चार खांब आणि तार १९८२च्या आधीही मिळत होतीच की!

सुरुंग काढण्याचे काम २००९ साली सुरू झाले. ते करायला आले बहुतेक झिंबाब्वेचे लोक. त्यांच्या देशाच्या सरहद्दीवर १९७०च्या दशकातल्या युद्धाचे सुरुंग अजूनही आहेत. यॉर्क बेची वाळू वाऱ्याने सरकलेली, तेव्हा सुरुंगही नकाशाबरहुकूम कोठून सापडणार? टेकड्याच्या टेकड्या उपसाव्या लागल्या. परक्या बेटावर, बोचऱ्या वाऱ्यात, ढोपरे टेकून माती चाचपणारी ही माणसे मला अनुबोधपटात तासभर पाहायची आहेत. शेजारून पेंग्विन गेला तर तोही दिसावा.

१४ नोव्हेंबर २०२० रोजी शेवटचे सुरुंग उडवले गेले आणि बेटावरचे लोक त्या वाळूवर धावत सुटले. अडतीस वर्षांत प्रथमच! आता पक्ष्यांपासून निदान सहा मीटर दूर राहावे, एवढाच तेथला दंडक आहे.