यंत्राचा सातबारा कुणाच्या नावावर?

यंत्रमानवांच्या नीतिशास्त्राचा अभ्यास करतो म्हटले की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग तुम्ही यंत्राला बरे-वाईट शिकवता तरी कसे? यात विचारणाऱ्याचा दोष नाही. आयझॅक असिमॉव्हने 1942 साली एका कथेत यंत्रमानवांसाठी तीन नियम घालून दिले, आणि नीती ही यंत्राच्या डोक्यात भरायची गोष्ट आहे ही समजूत तेव्हापासून पक्की झाली. मला ही समजूत मुळातच चुकीची वाटते. जमीन कुणाची आणि तिच्यावर बोजा कुणाचा हे सातबारा पाहिल्याशिवाय आपण मानत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र त्याने काय केले एवढेच बघतो आणि उताऱ्यावर नाव कुणाचे हे विचारायचे राहून जाते. हे नाव पुसले जाऊ न देणे, हेच या विषयातल्या अभ्यासकाचे मुख्य काम आहे. ज्यांच्या कारकिर्दीतून ते सर्वांत स्पष्ट दिसते त्या जोआना ब्रायसन यांच्या आधारे मला ते मांडायचे आहे.

ब्रायसन मूळच्या वर्तनशास्त्राच्या विद्यार्थिनी. शिकागोला पदवी घेतल्यावर त्यांनी एडिंबरोला कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानसशास्त्र या दोन्ही विषयांत पदव्या मिळवल्या आणि 2001 साली एमआयटीतून डॉक्टरेट घेतली. एमआयटीत रॉडनी ब्रुक्स यांच्या प्रयोगशाळेत 1993 पासून ‘कॉग’ नावाचा यंत्रमानव तयार होत होता. त्याला डोके होते, धड होते, आणि माणसासारखा दिसावा ही त्याच्या मागची कल्पनाच होती. तो धड चालतही नसताना बघायला येणारे लोक म्हणत, याची वीज बंद करणे अनैतिक होईल. ब्रायसन सांगत, अहो, त्याची वायर जोडलेलीच नाही. त्यावर लोक म्हणत, बरं, पण जोडलीत तर? ही हकिगत त्यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे आणि 1998 साली त्यावर लेखही लिहिला. एखाद्या अभियंत्याने ती विनोद म्हणून सोडून दिली असती. वर्तनशास्त्र शिकलेल्या बाईंना तिच्यात संशोधनाचा विषय दिसला. बंद यंत्राबद्दल माणसाला वाटणाऱ्या कर्तव्याचा उगम यंत्रात असणे शक्य नव्हते, तेव्हा तो शोधायचा तर बघणाऱ्याच्या मनात आणि घडवणाऱ्याच्या रचनेतच शोधायला हवा होता. या विषयात येणाऱ्याने गणिताइतकेच माणसाच्या वागण्याचे शास्त्रही शिकले पाहिजे असे मी म्हणतो, ते यासाठी.

आता ‘यंत्रालाच नीती शिकवा’ या मताकडे वळू. ते उथळ नाही. जॉर्जिया टेकच्या रोनाल्ड आर्किन यांनी युद्धातल्या यंत्रांसाठी नैतिक नियंत्रकाची कल्पना गांभीर्याने मांडली आणि 2009 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. घाबरलेला, चिडलेला सैनिक जे अत्याचार करतो ते यंत्र करणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद सहज खोडता येणारा नाही. पण प्रत्यक्ष प्रयोग काय सांगतात? ब्रिस्टलचे ॲलन विनफिल्ड यांनी 2014 च्या सुमारास एका छोट्या यंत्राला आपल्या कृतीचे परिणाम आधीच ताडून पाहण्याची सोय दिली. माणसाच्या जागी ठेवलेले दुसरे यंत्र खड्ड्याकडे जाऊ लागले की पहिले आडवे जाऊन त्याला वाचवी. मग खड्ड्याकडे एकाच वेळी दोन यंत्रे सोडली. 33 पैकी 14 वेळा हा वाचवणारा कुणाला वाचवू या घोळात इतका अडकला की दोन्ही खड्ड्यात गेली. तरी माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढचाच आहे. दिएतर फान्देरएल्स्ट आणि विनफिल्ड यांनी नंतर दाखवले की हीच नैतिक रचना अगदी किरकोळ बदलाने स्पर्धक, किंबहुना आक्रमक करता येते. ज्या यंत्राला दुसऱ्याचे हित कळते त्याला दुसऱ्याचे अहितही तितकेच नेमके कळते. दिशा फिरवणारा हात बाहेरचा असतो. आपल्याच प्रयोगाची काळी बाजू स्वतः छापणारे संशोधक थोडे, म्हणून विनफिल्ड यांच्याबद्दल मला विशेष आदर आहे. यंत्र नैतिक झाले तरी त्याच्या मागच्या माणसावरची नजर हटवता येत नाही, हे त्यांच्याच कामातून सिद्ध झाले.

सप्टेंबर 2010 मध्ये ब्रिटनच्या अभियांत्रिकी आणि कला या दोन संशोधन मंडळांनी काही जाणकारांना न्यू फॉरेस्टमध्ये एकत्र बसवले. त्यांत ब्रायसन आणि विनफिल्ड दोघेही होते. तिथे तयार झालेली पाच तत्त्वे असिमॉव्हला दिलेले उत्तरच म्हणावी लागतील, कारण ती यंत्रांसाठी लिहिलेलीच नाहीत. ती यंत्रे घडवणाऱ्या, विकणाऱ्या आणि वापरणाऱ्या माणसांसाठी आहेत. यंत्रमानव हे साधन आहे, ते उत्पादन आहे, जबाबदार कर्ता माणूस आहे. दुबळ्या माणसाची फसवणूक होईल असे यंत्राचे रूप असू नये, त्याचे यंत्रपण उघड दिसावे. आणि पाचवे तत्त्व असे की प्रत्येक यंत्रमानवासाठी कायद्याने जबाबदार कोण, हे शोधून काढता आले पाहिजे. ही भाषा रुक्ष आहे, सिनेमा काढावा असे तिच्यात काही नाही. पण ही पाच वाक्ये मला या क्षेत्रातल्या कितीतरी जाडजूड ग्रंथांपेक्षा अधिक कामाची वाटतात.

ती कामाची का, हे ॲरिझोनातल्या टेम्पी गावच्या अपघातात दिसते. 18 मार्च 2018 च्या रात्री उबरच्या चाचणीवर असलेल्या स्वयंचलित गाडीने सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला उडवले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताची चिरफाड केली, आणि त्याचा अहवाल या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. गाडीला ती महिला धडकेच्या 5.6 सेकंद आधी ‘दिसली’ होती. दिसली, पण कोण ते ठरेना. कधी वाहन, कधी आणखी काही, कधी सायकल असे गाडीचे मत बदलत राहिले, आणि मत बदलले की त्या वस्तूचा आधीचा मार्ग हिशेबातून पुसला जाई. मार्गच नाही तर ती पुढे कुठे जाईल याचा अंदाज कुठून येणार? पादचाऱ्यांसाठी आखलेले पट्टे सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच प्रणालीत धरलेली नव्हती. धोका कळल्यावरही, खोट्या इशाऱ्यांनी गाडी उगाच ब्रेक मारू नये म्हणून, एक सेकंद काहीच न करण्याची योजना होती. गाडीत कारखान्यातून आलेली आपत्कालीन ब्रेकची सोय होती, तीही स्वयंचलित चाचणीत बंद ठेवलेली. सुरुवातीला गाडीत दोन माणसे बसत, ती पुढे एकावर आणली होती.

आता या यादीत यंत्राचा निर्णय कोणता ते शोधून दाखवावे. मार्ग पुसायचा हे कुणीतरी लिहिले. पट्ट्याबाहेरचा माणूस कुणीतरी वगळला. एक सेकंद थांबायचे, ब्रेक बंद ठेवायचे, दुसरा माणूस काढायचा, हे निर्णयही कुठल्या ना कुठल्या टेबलावर झाले. मंडळाने कंपनीच्या अपुऱ्या सुरक्षा-व्यवस्थेवर बोट ठेवले, तसेच गाडीतल्या चालिकेचे लक्ष मोबाइलवरच्या कार्यक्रमात होते हे अपघाताचे मुख्य कारण मानले. कंपनीवर फौजदारी खटला उभा राहू शकत नाही असे सरकारी वकिलांनी 2019 मध्ये सांगितले. खटला चालला तो चालिकेवर, आणि 2023 मध्ये तिने गुन्हा कबूल केल्यावर तिला तीन वर्षांची देखरेखीखालची मोकळीक मिळाली. तिची चूक होतीच. पण साखळीच्या सगळ्यात खालच्या कडीवर नाव सापडले आणि वरच्या कड्यांवर ते सापडले नाही, हे नजरेआड करता येत नाही.

इथे कायद्याचे जाणकार एक बळकट हरकत घेतात. कंपनीला कायदा व्यक्ती मानतो, मग यंत्राला का नको? युरोपीय संसदेने फेब्रुवारी 2017 मध्ये असाच ठराव केला होता: अतिप्रगत यंत्रमानवांना ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ मानावे आणि त्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई त्यांच्यावर टाकावी, यावर विचार व्हावा. आपल्याकडे तर ही हरकत अधिकच जवळची वाटेल. देवाची मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने 1925 सालीच मान्य केले. मूर्तीच्या नावावर जमीन असते, तिच्या वतीने दावा लागतो. पण ही व्यवस्था चालते कशामुळे? मूर्तीमागचा कारभारी दिसतो आणि तो बदलता येतो, म्हणून. पंढरपुरात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क 1973 च्या कायद्याने काढून घेतले, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात 2014 साली संपला. त्या सगळ्या वर्षांत विठ्ठलाला आरोपी करावे असे कुणाच्या मनातही आले नाही. ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’च्या कल्पनेत नेमका उलटा डाव होता; तिथे कारभारी मूर्तीमागे लपणार होता. ब्रायसन यांनी 2017 मध्ये दोन कायदेतज्ज्ञांबरोबर लिहिलेल्या निबंधाचा रोख हाच आहे: ज्याला शिक्षा जाणवत नाही आणि ज्याच्या खिशात काही नाही, अशा ‘व्यक्ती’वर देणे टाकले की नुकसान सोसलेल्याच्या हाती काही उरत नाही. त्याच वर्षी सौदी अरेबियाने ‘सोफिया’ नावाच्या बाहुलीवजा यंत्राला नागरिकत्व जाहीर केले. त्या प्रकाराला यापेक्षा अधिक जागा देण्याची गरज नाही.

दुसरी हरकत मनाला लागणारी आहे. यंत्राशी क्रूर वागणारा माणूस उद्या माणसाशीही तसाच वागेल. कांटने प्राण्यांबद्दल असेच म्हटले होते. शिवाय ब्रायसन यांनी 2010 मध्ये एका लेखाचे शीर्षकच ‘यंत्रमानव गुलाम असावेत’ अशा अर्थाचे दिले. ज्या भाषेत महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहून ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, त्या भाषेच्या वाचकाला हे शीर्षक खटकणारच. शीर्षक चुकले हे ब्रायसन यांनीही नंतर मान्य केले. मात्र युक्तिवाद त्यामुळे कोसळत नाही. गुलामगिरीचे पाप माणसाला वस्तू ठरवण्यात होते. यंत्राला व्यक्ती ठरवणे हा त्याच्या विरुद्ध टोकाचा प्रकार आहे, आणि त्याने त्या पापाची भरपाई होत नाही. क्रौर्याच्या सवयीबद्दल म्हणाल तर त्यावरचा उपाय घडवणाऱ्याच्या हातात आहे. विव्हळणारे, गयावया करणारे यंत्र बनवलेच नाही तर प्रश्नच उरत नाही. ‘पण उद्या खरोखरच जाणीव असलेले यंत्र निघाले तर?’ यावर ब्रायसन यांचे उत्तर मला पटते: ज्याच्याबद्दल आपले कर्तव्य निर्माण होईल असे यंत्र बनवायचे की नाही, ही निवडही आपलीच आहे. आजची संभाषण करणारी यंत्रे ‘मी’ म्हणून बोलतात आणि दिलगिरीही व्यक्त करतात, तेव्हा त्यांचे ते बोलणे कंपनीत कुणीतरी ठरवलेले असते हे लक्षात ठेवावे.

माझ्या मताला खरी अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. आयलिन चालिश्कान, ब्रायसन आणि अरविंद नारायणन यांनी 2017 मध्ये ‘सायन्स’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. इंटरनेटवरून गोळा केलेल्या 840 अब्ज शब्दांवर शिकवलेल्या प्रणालीत त्यांनी शब्दांची जवळीक मोजली. फुले सुखद आणि किडे अप्रिय, इथपर्यंत ठीक. पण गोऱ्या अमेरिकनांची नावे सुखद शब्दांजवळ आणि कृष्णवर्णीयांची अप्रिय शब्दांजवळ, पुरुषांची नावे नोकरीजवळ आणि स्त्रियांची घराजवळ, असेही निघाले. व्यवसायांचा स्त्रीवाचक शब्दांशी असलेला संबंध अमेरिकेतल्या त्या व्यवसायांतील स्त्रियांच्या प्रत्यक्ष प्रमाणाशी जवळजवळ तंतोतंत जुळला. मग इथे उताऱ्यावर नाव कुणाचे लावायचे? हा पूर्वग्रह कुणा प्रोग्रामरने लिहिला नव्हता, तो सगळ्यांच्या भाषेतून आला होता. सगळ्यांचे नाव म्हणजे कुणाचेच नाही, असा बचाव लगेच पुढे येतो. तो पूर्ण खोडता येत नाही हे मान्य करायला हवे. तरीही भाषेत पूर्वग्रह असणे वेगळे आणि तो ठाऊक असताना त्याच यंत्राच्या हाती नोकरीच्या अर्जांची चाळणी देणे वेगळे. त्या कामावर यंत्राला बसवणारा एक विशिष्ट माणूस असतो, आणि त्याने आधी काय तपासले हे त्याला विचारता येते.

विद्वानांची ही सारी मांडणी कंपन्यांना सोयीची सजावट ठरते, ही टीका मी हसण्यावारी नेत नाही. गूगलने 26 मार्च 2019 रोजी बाहेरच्या तज्ज्ञांचे एक नीतिमंडळ जाहीर केले. त्यात ब्रायसनही होत्या. सदस्यांच्या निवडीवरून वादळ उठले आणि 4 एप्रिलला मंडळ बरखास्तही झाले. सल्लागार मंडळातून फार काही निघेल ही आशा धरू नये. मात्र लेखी नियमाचे तसे नाही. युरोपचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा 1 ऑगस्ट 2024 पासून अमलात येऊ लागला, आणि त्यात ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ला थारा नाही. जोखमीच्या प्रणालींनी आपल्या कामाच्या नोंदी ठेवाव्यात, आपण यंत्राशी बोलतो आहोत हे माणसाला कळावे, आणि प्रणाली पुरवणाऱ्यावर व वापरणाऱ्यावर कोणती जबाबदारी हे वेगवेगळे लिहिलेले असावे, ही त्याची चौकट आहे. न्यू फॉरेस्टमध्ये 2010 साली लिहिलेली वाक्ये त्यात जशीच्या तशी नाहीत, पण विचाराची दिशा ओळखीची आहे.

युरोपातल्या गाड्यांची सॉफ्टवेअरे आज पुण्यातही लिहिली जातात, आणि ती लिहिणाऱ्यांत मराठी मुले-मुली पुष्कळ आहेत. हे विशेषकरून त्यांना सांगायचे आहे. चाचणीच्या सोयीसाठी एखादी सुरक्षेची व्यवस्था बंद करायला सांगितले, तर ती कुणी, कोणत्या तारखेला आणि कशासाठी बंद करायला लावली हे नोंदीत लिहा आणि खाली आपले नावही घाला. वरचा अधिकारी लिहू नको म्हणाला, तर तो नकारही त्याच्याकडून लेखी मागून घ्या.