भाभांचा उडीद

आमच्या बुलढाण्यात अणुऊर्जेवर कुणी बोलत नाही. बोलणं होतं ते लाईनवर: थ्री फेज दिवसा की रात्री, जळालेली डीपी कधी बदलणार. मलकापूर-नांदुऱ्याच्या फाटकावर कोळशाची मालगाडी जाईपर्यंत थांबायचं आणि हरभऱ्याला पाणी द्यायला मध्यरात्री उठायचं, दोन्ही अंगवळणी पडलंय. होमी भाभा मला आठवतात ते अशा वेळी.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटांच्या विश्वस्त निधीकडे पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. दोनेक दशकांत अणूपासून वीज निघू लागेल, तेव्हा तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत, असा त्यातला युक्तिवाद. हिरोशिमा अजून जवळजवळ दीड वर्ष लांब होतं. वैश्विक किरणांवर केंब्रिजमध्ये नाव कमावलेला चौतिशीतला माणूस बॉम्बच्या आधी विजेचा विचार करत होता, याचं मला अजूनही नवल वाटतं. पुढे १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग, १९५६ मध्ये ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी. पश्चिम भारत कोळशाच्या खाणींपासून लांब, तिथे अणुवीज परवडेल, या हिशेबातून तारापूर ठरलं. ते सुरू झालं १९६९ मध्ये. भाभा त्याआधीच, २४ जानेवारी १९६६ ला, मों ब्लांवरच्या विमान अपघातात गेले होते.

त्यांचे सगळेच अंदाज खरे ठरले, असं मुळीच नाही. १९५५ च्या जिनिव्हातल्या अणुऊर्जा परिषदेत अध्यक्ष म्हणून ते बोलले, की वीस वर्षांत अणुसंमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. ती अजून यायचीच आहे. देशाच्या विजेत अणुविजेचा वाटा आजही सुमारे तीन टक्के. तारापूरची वीज ग्रीडमध्ये मिसळते. आमच्या मोटारीपर्यंत त्यातली किती पोचते, कुणी वेगळी काढून दाखवू शकणार नाही.

मुठीत धरता येतो तो उडीद. ट्रॉम्बेत भाभांनी भौतिकीच्या शेजारी जीवशास्त्रालाही जागा दिली होती. किरणोत्साराने बियाण्यात बदल घडवायचे, त्यातली चांगली रोपं निवडायची, मग रूढ वाणाशी संकर करायचा, असं काम तिथे पुढे वर्षानुवर्षं चाललं. त्यातून अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या साथीने १९८५ मध्ये टीएयू-१ आला: ट्रॉम्बे-अकोला-उडीद. दाणा टपोरा. (बियाण्यात किरणोत्सार उरत नाही, हे अजूनही सांगावं लागतं.) पुढे महाराष्ट्रातल्या उडदाचं बरंच मोठं क्षेत्र या एका वाणाखाली होतं. तूर, मूग, भुईमूग यांचेही ट्रॉम्बे-अकोला वाण निघाले.

उडीद लवकर हाती येतो, दसऱ्याच्या खर्चाला उपयोगी पडतो. आता सोयाबीनने त्याची जागा खाल्ली, हा भाग वेगळा. शिवाय तो स्वपरागित, म्हणजे पुढच्या पेरणीचं बी घरचंच राखता येतं. भाभांनी कबूल केलेली वीज आमच्या वाट्याला किती आली, हा हिशेब लागायचा नाही. त्यांच्या जमेला मी तारापूरच्या आधी हा उडीद धरतो.